बेटावरचा बंद रस्ता

तालुक्याच्या एका कोर्टात मी न्यायाधीश म्हणून रुजू झालो तेव्हा जिल्ह्यात कापसाचे वाईट दिवस चालले होते. सकाळी वर्तमानपत्र उघडलं की पहिल्या पानावर आमच्याच भागातल्या कुठल्यातरी गावाचं नाव असायचं. मी यवतमाळचाच, पण आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीतल्या. कुणी कारकून, कुणी वकील. वावर कुणाच्याच नावावर नव्हतं. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची उभी झाडं, मी एस.टी.च्या खिडकीतून पाहिलेली. तरी रोज बांध-धुऱ्यांचे, विहिरींचे आणि वाटांचे निवाडे करायला बसायचो. संध्याकाळी घरी आलो की बायको विचारायची, आज काय झालं. मला काहीच आठवायचं नाही. फक्त मान दुखायची.

त्यातलाच एक दावा पैनगंगेतल्या बेटाचा होता. नदी तिथे दोन फाट्यांत वाहते आणि मधल्या उंचवट्यावर तीसेक घरांची वस्ती होती. पूल नव्हता. उन्हाळ्यात लोक अलीकडच्या फाट्यातून चालत यायचे, बाकीचे महिने डोंग्यातून, म्हणजे छोट्या नावेतून. डोंग्याचा घाट एका माणसाच्या वावराला लागून होता आणि घाटावरून वस्तीत जायची पायवाट त्याच्या वावरातून जायची. पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथून चालत होते. एका पावसाळ्याआधी त्याने ती वाट नांगरली, तिच्यावर पऱ्हाटी लावली आणि दोन्ही टोकांना बोराटीचे काटे रोवले. आता लोकांना काठाकाठाने वळसा घालून, चिखल तुडवत जावं लागत होतं. डोक्यावर ओझं असेल तर पाऊण तास.

दावा लावला तो त्याच्या मोठ्या बहिणीने. ती त्याच बेटावर, वस्तीच्या वरच्या टोकाला दिलेली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. साठीच्या आसपासची, उंच, हाडापेराने मजबूत बाई. साक्षीला उभी राहिली तेव्हा तिला विचारलं, प्रतिवादी तुमचे कोण. ती म्हणाली, "भाऊ हाये. पाठचा." तेवढंच म्हणाली. भाऊ समोर खाली मान घालून उभा होता.

जागा पाहून नकाशा काढायला मी दोनदा वकील कमिशनर पाठवले. एकाच्या नकाशात रस्ता होता, दुसऱ्याच्या नकाशात नव्हता. कंटाळून मी ठरवलं की आपणच जाऊन पाहू. कायद्याने न्यायाधीशाला तसं करता येतं, पण सहसा कुणी करत नाही. का करत नाही ते मला नंतर कळलं.

दसरा होऊन गेला होता, दिवाळी यायची होती. कापसाची पहिली वेचणी सुरू होती. मी, दोन्ही बाजूंचे वकील आणि आमचा बेलीफ असे चौघे डोंग्याच्या दोन खेपांत गेलो. बेलीफ ढाणकीचा. त्याचे भाऊ मोटारी दुरुस्त करायचे, हा एकटाच सरकारी नोकरीत शिरलेला. सगळं कोर्ट त्याला चाचा म्हणायचं. आयुष्यभर समन्स घेऊन गावोगाव पायी फिरल्यामुळे त्याची एक टाच कायम भेगाळलेली असायची.

पाहणीला तासभर लागला. काट्यांच्या कुंपणापलीकडे वावरातली पऱ्हाटी कमरेएवढी होती, पण मधल्या एका पट्ट्यात ती गुडघ्याच्या वर गेलीच नव्हती. इतकी वर्षं पायांखाली दाबलेली जमीन एका नांगरटीने मऊ झाली नव्हती. ही गोष्ट कुठल्याच कमिशनरने लिहिली नव्हती. मी वहीत टिपून घेतलं. बहीण-भाऊ दोन बाजूंना उभे होते.

आभाळ भरून आलं होतं. डोंग्यात सगळे एकदम मावत नव्हते, म्हणून वकिलांना आधी सोडलं. डोंगा पलीकडे लागला आणि पावसाला सुरुवात झाली. परत यायच्या आधीच पाण्याचा रंग बदलला. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले होते, हे मागाहून कळलं. डोंगेवाल्याने पलीकडूनच दोन्ही हात हलवून नाही म्हटलं.

चाचा म्हणाला, "साहब, अब आज का कुछ नहीं."

आजचं काय, पुढचे चार दिवस काहीच झालं नाही. फोनला रेंज नव्हती. आम्हाला शाळेच्या एका खोलीत उतरवलं. गुरुजी पलीकडच्या गावात राहायचे, ते अडकले तिकडेच. खोलीत आमच्याआधी कापूस आला होता. ओला कापूस कुठे वाळवायचा म्हणून लोकांनी तो घरात, पलंगावर, चुलीजवळ आणि शाळेच्या फरशीवर पसरून ठेवला होता. आम्ही एका कोपऱ्यातला थोडा बाजूला सारला आणि सतरंजी टाकली. ओल्या सरकीचा एक आंबूस वास असतो. तो माझ्या कपड्यांतून पुढे कितीतरी धुण्यांत गेला नाही.

खरी अडचण जेवणाची झाली. बेटावरचं प्रत्येक घर त्या दाव्यात कुठेतरी होतं. कुणी वादीच्या अर्जावर अंगठा दिलेला, कुणी प्रतिवादीचा साक्षीदार. पक्षकाराच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकलो होतो आणि ते कसोशीने पाळलं होतं. पहिला दिवस चाचाच्या पिशवीतल्या बिस्किटांवर काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी बहिणीच्या घरून भाकरी आणि आंबाडीची भाजी आली. मी परत पाठवली. थोड्या वेळाने भावाच्या घरून बेसन-भाकर आली. तीही परत पाठवली. मला तोवर कणकण आली होती, पण मी भिंतीला टेकून ताठ बसून होतो.

चाचाने बिस्किटांची रिकामी पिशवी झटकली. मग म्हणाला, "साहेब, एक गोष्ट बोलू? तुमी नाही जेवले तर बेटावर कोनीच नीट जेवनार नाही. बाया विचारून राह्यल्या, साहेबाले आमच्या घरचं चालत नाही का. जातीचा इचार करते का म्हणून."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी विचारलं, "मग काय करायचं?"

"भाकर याची, भाजी त्याची. दोघाचंबी बराबर. अन् मी लिहून ठेवतो."

चाचाने खरंच समन्सच्या एका कोऱ्या पाठीवर लिहून ठेवलं. मी जेवलो. त्या जेवणाची चव मला अजून आठवते, आणि त्याबरोबरची लाजही आठवते.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेटावरची सगळ्यांत म्हातारी बाई गेली. दाव्याशी तिचा काही संबंध नव्हता. नव्वदीची असेल, अंथरुणालाच खिळलेली होती. पाऊस थांबून-थांबून पडत होता. मसणवाट घाटाजवळच्या उंच तुकड्यावर होती, म्हणजे भावाच्या वावरापलीकडे. वस्तीत कुजबुज सुरू झाली की एवढा वळसा घालून तिरडी कशी न्यायची, काठावर तर कमरेएवढं पाणी आहे.

कुणी भावाकडे विचारायला गेलं नाही. मी शाळेच्या ओट्यावरून पाहत होतो. तिरडी उचलायच्या आधीच तो एकटा वावराकडे चालत गेला. उघड्या हातांनी त्याने अलीकडचे काटे उपसले, मग पलीकडचे. घरी जाऊन मागच्या सालच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचे भारे आणले, कारण बेटावर कोरडं सरपण दुसरं नव्हतं. प्रेतयात्रा त्याच्या पऱ्हाटीतून गेली. लोकांच्या पायांखाली झाडं मोडली. तो टोपी काढून कडेला उभा राहिला.

मी आणि चाचा सगळ्यांत मागे चाललो. माझ्या पुढे बहीण होती. ती मागे न वळता म्हणाली, "मयतीले बंद नाही साहेब हा रस्ता. जित्या माणसाले बंद हाये."

मी म्हणालो, "बाई, मला असं काही सांगू नका."

"मी कायले सांगू? तुमीच पाहून राह्यले ना."

लोक परतले. सगळ्यांत शेवटी बहीण त्या वाटेने आली. तिच्या मागे भावाने पुन्हा एकेक काटा रोवला. त्याच्या हाताला रक्त आलेलं मी पाहिलं. तिनेही पाहिलं असावं, कारण ती थोडा वेळ थांबली, मग गेली.

चौथ्या दिवशी दुपारी ऊन पडलं. बाया कापूस अंगणात काढू लागल्या. भाऊ शाळेच्या पायरीवर येऊन बसला. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. हाताला चिंधी बांधलेली.

मी आधीच म्हणालो, "भाऊ, खटल्याबद्दल काही बोलायचं नाही."

"खटल्याचं नाही साहेब. पऱ्हाटीचं सांगून राह्यलो." तो नदीकडे पाहत बोलत होता. "तीन सालाखाली मीनं नवं बियाणं आनलं. यवतमाळले गेलतो तवा. सगळ्याइले म्हटलं, हेच लावा. माह्या शब्दावर लावलं त्याइनं. पयल्या साली पऱ्हाटी अशी झाली का आत शिरला माणूस दिसे ना. लोक मले शहाना म्हणे. दुसऱ्या साली लाल्या आला. सगळ्याच वावरात. आठ दिवसात पानं लाल झाली, बोंडं वाळली."

मी न राहवून विचारलं, "लोकांनी तुम्हाला दोष दिला?"

"कोनीच नाही देल्ला. थेच त झालं ना. सकाळी माह्या वावरातून जाय, जरासे थांबे, म्हणे, कसं काय भाऊ. अन् निंगून जाय. सांजच्याले परत तसंच. शिव्या देल्ल्या असत्या तर बरं झालं असतं." तो हातावरची चिंधी नीट करत राहिला. "मंग मीनं काटे लावले."

तो एवढं बोलून उठला आणि गेला. त्याच्या वकिलाने लेखी जबाबात पानभर लिहिलं होतं की वहिवाट कधी नव्हतीच, लोक चोरून ये-जा करत, पिकाची नासाडी होते. ह्यातलं एक अक्षरही त्यात नव्हतं. असणारही नव्हतं. कोर्टात सांगता येईल असं ते कारणच नव्हतं.

पाचव्या दिवशी डोंगा आला.

घरी आल्यावर दोन दिवस तापात काढले. मग कामावर गेलो आणि त्या दाव्याची फाईल समोर घेऊन बसलो. वहिवाट होती, ह्याबद्दल मला तिळभर शंका राहिली नव्हती. निकाल दहा ओळींत लिहिता आला असता. पण मी दोघांच्या घरचं जेवलो होतो, एका पक्षकाराचं मनातलं ऐकलं होतं, आणि रस्ता मोकळा होताना जे पाहिलं ते पाहणीच्या टिपणात बसत नव्हतं. ते पाहणारा मी साक्षीदार होतो. माझीच साक्ष मीच कशी तोलणार?

मी जिल्हा न्यायाधीशांना सगळं खरं लिहून कळवलं आणि दावा दुसऱ्या कोर्टाकडे द्यावा अशी विनंती केली. ती मान्य झाली. दावा जिल्ह्यातल्याच दुसऱ्या कोर्टात गेला. बेटावरून तिथे पोचायला डोंगा आणि दोन एस.टी. लागायच्या.

भर कोर्टात मी तो हुकूम वाचून दाखवला. वकिलांनी माना डोलावल्या. बहीण उभी राहिली.

"साहेब, तुमीनं डोयानं पाह्यलं ना?"

"पाहिलं. म्हणूनच मला हा दावा चालवता येत नाही."

तिने समोरच्या कठड्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "म्हंजे जेनं पाह्यलं नाही, थोच सांगन का रस्ता होता का नाही ते?"

"कायदा तसाच आहे, बाई."

तिने पदर सारखा केला, पिशवी उचलली आणि बाहेर गेली. भाऊ तिच्या मागोमाग गेला. शिपायाने पुढच्या प्रकरणाचा पुकारा केला. त्या दिवशी आणखी किती प्रकरणं चालवली ते आठवत नाही. चहा पुढ्यात निवून गेला एवढं आठवतं.

दीड वर्षाने माझी बदली झाली. चाचा निवृत्त झाल्यावरही अधूनमधून फोन करायचा आणि मी न विचारता बेटाची बातमी सांगायचा. तारखा पडतात, म्हणायचा. कधी न्यायाधीशच नसतात, कधी वकील गैरहजर. बहीण-भाऊ एकाच डोंग्यातून येतात, एकाच एस.टी.ने जातात. तिला गाडी लागते म्हणून तो खिडकीजवळची जागा धरतो. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली दोघं एकाच फडक्यातली भाकर खातात आणि पुकारा झाला की दोन वकिलांमागे जाऊन उभे राहतात. चाचाला ह्याचं हसू यायचं. मला यायचं नाही. मी त्यांच्या प्रत्येक फेरीला जबाबदार आहे असं वाटत राहायचं.

सहा वर्षांनी निकाल लागला, बहिणीच्या बाजूने. भावाने अपील केलं नाही. काटे त्याने स्वतःच काढले, असं चाचाने सांगितलं. पण तोवर बेटावर नऊच घरं उरली होती. सलग वाईट सालं गेली, तरणी माणसं बाहेर पडली, मागोमाग म्हातारी निघाली. रस्ता मोकळा झाला आणि चालायला माणसं नव्हती. सहा वर्षांपूर्वी मी दहा ओळी लिहिल्या असत्या तर, हा विचार त्या दिवसापासून मागे लागला तो लागलाच. जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झालो तेव्हा निरोपसमारंभात माझ्या सचोटीबद्दल भाषणं झाली. मी खाली पाहत होतो.

निवृत्तीनंतर यवतमाळला परतलो. तीन वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्यात डोळे दाखवायला गेलो असता बाकावर शेजारी बसलेल्या म्हातारीने विचारलं, "तुमी थे जज साहेबच ना?" मी ओळखलं नाही. उंची गेली होती, पाठीत वाकली होती. आवाजावरून ओळखलं. मुलगा शहराजवळच्या लोहाऱ्याच्या कारखान्यात कामाला आहे आणि ती त्याच्याजवळ राहते, असं तिने सांगितलं. पत्ता दिला. या म्हणाली.

आठवडाभराने मी गेलो. दोन खोल्यांचं घर, पुढे सिमेंटचा ओटा. सून कामावर गेलेली. तिने मला खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्याशी बसली. मी तिथे जायचं ठरवलं तेव्हाच बोलायचं काय तेही ठरवून गेलो होतो.

"बाई, माझ्यामुळे तुमची सहा वर्षं गेली. निकाल मी देऊ शकलो असतो. तुमची माफी मागायला आलो."

तिने हात हलवला, जणू माशी हाकलली. "गेली त गेली."

"भावाने मला कारण सांगितलं होतं तेव्हा. काटे का लावले ते."

"मले माहीत होतं."

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून. पाठचा भाऊ हाये थो माहा." तिने चौकटीला पाठ टेकली. "काटे लावले अन् थो घराबाहेर निंगनाच झाला. कोनाशी बोले नाही, जेवे नाही. भावजय येऊन रडे. त्या सालात पलीकडच्या गावी दोघं जन औषध पिऊन गेले होते साहेब, तुमी त पेपरात वाचलंच असन. मले भेव वाटे. रस्ता त पाह्यजेच होता, लोकाइचे हाल होते. पन मी म्हटलं, दावा लावला का याले तारखेले त यावंच लागन. कपडे घालन, डोंग्यात बसन, चार मानसात उभा राहन."

मी खुर्ची उंबऱ्याकडे सरकवली.

"तुमीनं दावा धाडला तवा मले लय राग आला," ती म्हणाली. "मंग म्हटलं, बरं झालं. लांबन आनखी. पुढची तारीख हाये म्हटलं का मानूस थांबते."

हे तिने खरोखर तेव्हाच ठरवलं होतं, की इतक्या वर्षांनी मागे पाहताना तिला ते तसं दिसत होतं, की समोर बसलेल्या म्हाताऱ्याचं ओझं थोडं हलकं करायचं म्हणून बोलली, मला कळलं नाही. आयुष्यभर माणसं खरं बोलतात की नाही ते ठरवायचं काम केलं, आणि त्या ओट्यावर मला काही ठरवता आलं नाही. ठरवायची इच्छाही नव्हती. मी फक्त विचारलं, "भाऊ आता कुठे आहेत?"

"बेटावरच हाये. थो नाही सोडत. ऐकू येत नाही आता. पऱ्हाटी नाही लावत, तूर लावते थोडीशी."

तिचे डोळे पाणावले होते की मोतीबिंदूमुळे तसे दिसत होते, कोण जाणे. तेवढ्यात गल्लीत कुणीतरी ओरडलं की नळ आले. सहा दिवसांनी पाणी येत होतं. ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि हंडे काढायला आत गेली. मीही उठलो. तिच्यासाठी एक बादली नळाखाली लावून दिली. भरले हंडे उचलणं मला झेपणार नव्हतं, ते तिलाही दिसलं.

"जा तुमी साहेब," ती म्हणाली. "ऊन झालं."

मी मुख्य रस्त्यापर्यंत चालत आलो. कारखान्याची पाळी सुटली होती आणि रिक्षा सगळ्या भरून जात होत्या. बऱ्याच वेळाने एक थांबली.